दोन चिठ्ठ्यांच्या तीन

सोमवार, १ जुलै

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. वाटलं होतं, वजन-उंचीची तपासणी. निघालं भलतंच. यंदापासून नववीला ‘पैसा आणि गुंतवणूक’ असा नवा विषय आलाय, आठवड्याला दोन तास. शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बाकी सगळ्यांचे तास भरलेले. रिकामा सापडलो मी, कवायतीचा मास्तर.

"बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"सर, तुम्हाला शिस्त कळते. पैशाला तीच लागते," म्हणत त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. वर एक वहीही दिली. नवा विषय घेणाऱ्याने रोजची नोंद ठेवायची आणि महिनाअखेर दाखवायची.

त्या वहीत मी ‘प्रस्तावनेची तयारी केली’ असं लिहिलंय. ही दुसरी वही माझी, हिच्यात खरं लिहायचं. खरं असं की सव्वीस वर्षं मी पोरांना पळवतोय आणि घरी पगार झाला की तो बायकोच्या हातात देतोय. सकाळी ही माझ्या हातावर चहापाण्यापुरते ठेवते, तेवढाच माझा पैशाशी संबंध. पुस्तकातला पहिला धडा ‘पैसा म्हणजे काय?’ दोनदा वाचला. वाचण्याआधी मला ते माहीत होतं.

गुरुवार, ४ जुलै

पहिला तास. बत्तीस पोरं, त्यातली दहा डोळे उघडे ठेवून झोपलेली. मी फळ्यावर ‘महागाई’ लिहिलं आणि व्याख्या वाचून दाखवली. पहिल्या बाकावर एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. तो उठला.

"सर, सगळ्यांकडे जास्त पैसे आले तर सगळे श्रीमंत का नाही होत?"

मी म्हणालो, "खाली बस."

मग मलाच वाईट वाटलं. मैदानावर कुणी प्रश्न विचारला म्हणून मी त्याला खाली बसवलेलं नाही. बाकीचा तास सरळ पुस्तक वाचण्यात घालवला. मागच्या बाकावरची मुंगी तेवढी ऐकत होती. अंगाने एवढीशी, सतत कुठून कुठे काहीतरी नेत असते, म्हणून मुंगी. ती लिहूनही घेत होती. काय लिहीत होती देव जाणे, मी काही सांगतच नव्हतो.

घरी येताना एक कल्पना सुचली. या पोरांना मैदानाइतकं दुसरं काही प्यारं नाही. शाळा सुटल्यावर तासभर मैदान मी उघडं ठेवतो. समजा, मैदानावरची मिनिटं हाच यांचा पैसा केला तर?

सोमवार, ८ जुलै

चिठ्ठ्या तयार! जुन्या क्रीडास्पर्धांची उरलेली प्रमाणपत्रं कापली, मागच्या कोऱ्या बाजूवर शाळेचा शिक्का. एक चिठ्ठी म्हणजे शाळा सुटल्यावर मैदानावर दहा मिनिटं. प्रत्येकाला दर सोमवारी चार. वापरा, साठवा, उसन्या द्या, मी मध्ये पडणार नाही. फाटकाशी बसून चिठ्ठी घ्यायची आणि फाडून टाकायची, एवढंच माझं काम. वर्ग एकदम जागा झाला.

शिक्के मारायला शाळेच्या मावशी बसल्या होत्या. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं सगळं त्यांच्याकडे, तरी उरलेल्या वेळात दुसऱ्याचं काम ओढून घेतात. शिक्का मारता मारता म्हणाल्या, "सर, तुमच्या साडूंचं ते कंटेनरचं खरं का हो? दर महिन्याला देतात?"

मी म्हणालो, "खरं म्हणजे? तीन महिने झाले, तारखेला पाकीट घरी."

इथे लिहून ठेवतो, कारण विषय पैशाचा आहे. साडूभाऊ म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते लोकांचे पैसे घेऊन मालवाहू कंटेनर विकत घेतात, ते भाड्याने देतात आणि शेकडा चार दर महिन्याला वाटतात. मार्चमध्ये आम्ही त्यांच्याकडे पाच लाख ठेवले. ते लेकीच्या शेवटच्या वर्षाच्या फीचे. ती परगावी फिजिओथेरपी शिकते, म्हणजे मी ज्यांचे गुडघे बिघडवले त्यांचे ती नीट करणार. फी भरायची ३१ ऑगस्टला. तोवर पैसे बँकेत नुसते बसून काय करणार, असं साडूभाऊ म्हणाले, आणि ते आम्हा दोघांनाही पटलं. महिन्याला वीस हजार येतात. ही त्यातून लेकीच्या खोलीचं भाडं धाडते.

मावशींनी दोन लाख जमवलेत. ज्या खोलीत राहतात ती मालक विकायची म्हणतोय, ती त्यांना घ्यायची आहे. पण दोनात भागत नाही.

गुरुवार, १८ जुलै

वर्गात बाजार भरलाय. एकाने दोन चिठ्ठ्यांना निबंध लिहून दिला. मी रागवावं की शाबासकी द्यावी ते कळेना. पुस्तकात ‘सेवा क्षेत्र’ म्हणून धडा आहे, त्यात हे बसतंय असं वाटलं, म्हणून गप्प बसलो.

आणि मुंगीने बँक काढली! दोन चिठ्ठ्या तिच्याकडे ठेवा, पुढच्या आठवड्यात तीन घ्या. वहीत नाव, तारीख, सही. वर्गाच्या संघाचा गोलकीपर आणि त्याचे पाच मित्र पहिल्यांदा गेले. त्यांना कबूल केल्याप्रमाणे परत मिळाल्या, तेव्हापासून रांग लागलीय. मी तिला उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती खाली बघत होती. लाजाळू आहे.

कमाल आहे या पोरीची. तिला विचारलं, "कसं जमवतेस?" तर म्हणाली, "काही जणांना खेळायचं नसतं सर, त्यांच्या चिठ्ठ्या पडून असतात." मला उत्तर नीटसं कळलं नाही, पण हुशारीचं वाटलं.

गुरुवार, २५ जुलै

आज वर्गात पाहुणे! साडूभाऊंना बोलावलं. पुस्तकात लिहिलंय की प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांशी मुलांची भेट घडवा, आणि माझ्या ओळखीत व्यवसाय करणारे तेच एक. कोट घालून आले, कंटेनरचा मोठा फोटो आणला. बोलायला काय गोड माणूस! पोरं हसत होती. येताना जुलैचं, दहा तारखेला कामाच्या गडबडीत राहून गेलेलं पाकीट घेऊन आले होते, ते त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. "याला म्हणतात गुंतवणूक," म्हणाले.

वकील उठलाच. "काका, कंटेनर एकूण किती आहेत?"

"मोजायला लागलं तर दिवस जाईल, बाळा."

"पण अंदाजे?"

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. मग मुंगीने हात वर केला. ती कधी करत नाही.

"काका, नवीन माणसं यायची बंद झाली तर काय होतं?"

"नवीन माणसं येतच असतात!" साडूभाऊ हसून म्हणाले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. डबा खाल्ला नसेल म्हणून मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

मावशी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. तास संपल्यावर मला म्हणाल्या, "सर, तुमचे आहेत ना यांच्याकडे?"

"पाच लाख," मी म्हणालो.

"मग बास. मला दुसरं काही विचारायचं नाही."

बरं वाटलं. माणसाचं कुणीतरी ऐकतं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी नोंदवही बघितली. ‘मुलांमध्ये बचतीची सवय रुजली’ हे वाक्य त्यांना आवडलं. ते खोटं नाही. बत्तीसपैकी सत्तावीस जणांनी मुंगीकडे चिठ्ठ्या ठेवल्यात.

एक मात्र उलगडत नाही. मैदानावर रोज तेच सहा जण दिसतात, गोलकीपर आणि मंडळी. वीस-वीस मिनिटं खेळतात, खिशातून पत्त्यांसारख्या चिठ्ठ्या काढून देतात. बाकीची पोरं कठड्यावर बसून बघतात. विचारलं तर म्हणतात, "आमच्या वाढताहेत, सर." एवढी काटकसर या वयात? मी त्यांच्याएवढा असताना मला कुणी मिनिटं साठवायला सांगितली असती तर मी भिंत चढून आत गेलो असतो.

गणिताच्या बाई शिक्षकांच्या खोलीत हसत होत्या. म्हणाल्या, "सर, आठवड्याला दोनच्या तीन म्हणजे दहा आठवड्यांत चारच्या दोनशेवर जातात. अख्ख्या वर्गाला मिळून तुम्ही आठवड्याला वाटता एकशे अठ्ठावीस. हे बसतंय का?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही कागदावर बघता. पोरांचा उत्साह बघा ना."

त्यांनी खांदे उडवले आणि तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

बँक बुडाली.

गोलकीपरचा मामेभाऊ सुट्टीला आलाय, त्याला रोज खेळायला आणायचं म्हणून त्याने एकदम तीस चिठ्ठ्या मागितल्या. मुंगी म्हणाली, सोमवारी देते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, मलाही आजच दे. मग सगळेच. मधल्या सुट्टीत तिच्या बाकाभोवती ही गर्दी, आणि मुंगी गायब. शेवटी मला ती सामानाच्या खोलीत सापडली, उड्यांच्या गाद्यांमागे गुडघ्यात डोकं घालून बसलेली. देणं दोनशे चौदा चिठ्ठ्यांचं, हातात अकरा.

मी शेजारी बसलो. म्हटलं, "अगं, मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या गेल्या कुठे?"

"गोलकीपरने आणि त्याच्या मित्रांनी खेळून संपवल्या."

"त्यांच्या त्यांनी संपवल्या. बाकीच्यांच्या?"

तिने डोकं वर केलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "सर, मी त्या चिठ्ठ्यांचं काहीच केलं नाही. काही करता येतच नाही. चिठ्ठीला चिठ्ठी होत नाही. ह्याने दिलेल्या त्याला द्यायच्या, एवढंच. तिसरी नव्या मुलाकडून यायची."

"मग थांबायचं नाही का?"

"पहिल्याच आठवड्यात थांबणार होते. पण तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्यात." आणि ती रडायला लागली. "ज्या दिवशी थांबले असते त्या दिवशी कळलं असतं ना सगळ्यांना."

मला गलबलून आलं. म्हटलं, रडू नकोस, सर आहेत ना. शिक्का माझ्याकडे, कागद माझ्याकडे. दोनशे चिठ्ठ्या कापायला कितीसा वेळ लागतो? मावशींना शिक्का आणायला सांगितलं. तेवढ्यात गणिताच्या बाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली.

"सर, मैदान तेवढंच आहे आणि संध्याकाळचा तास तेवढाच. कागद वाढवून मिनिटं वाढतात का?"

वकिलाच्या पहिल्या तासाच्या प्रश्नाचं उत्तर हेच असावं असं मला वाटतंय. पण ते मला नीट शब्दांत मांडता येत नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

आजचा तास मी घेतलाच नाही, वर्गानेच घेतला. प्रश्न एकच होता. अकरा चिठ्ठ्या कुणाला द्यायच्या?

गोलकीपर म्हणाला, जो पहिला आला त्याला. लगेच वकील उभा राहिला. मुंगीच्या वहीतून त्याने सगळ्यांचं वाचून काढलं. गोलकीपरने एकूण ठेवल्या बारा, नेल्या एकतीस.

"तू एकोणीस जास्त नेल्यास. त्या कुणाच्या होत्या?"

"मी काही चोरल्या नाहीत! तिने दिल्या, मी घेतल्या. मला काय माहीत कुणाच्या?"

"माहीत नव्हतं हे खरं. पण आता माहीत झालं ना?"

गोलकीपर लालबुंद. मला वाटलं आता हाणामारी होते, शिट्टीवर हातही गेला. पण तो खाली बसला आणि म्हणाला, "दर सोमवारच्या चारांतून दोन देईन. एकदम नाही जमणार." मग त्याच्या मित्रांनीही कबूल केलं. ठरलं असं की प्रत्येकाला त्याने ठेवल्या तेवढ्याच मिळणार, जास्त नेणाऱ्याने जास्तीच्या आणून द्यायच्या, आणि तोवर आहेत त्या अकरांची मिनिटं सगळ्यांत सारखी. पस्तीस मिनिटांत निकाल!

नोंदवहीत काय लिहू ते सुचेना. ‘चर्चा केली’ असं लिहिलं.

घरी येताना काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. छत्री हातात होती, डबा होता, शिट्टी होती. साडूभाऊंचं काही तसं नाही, असं दोनदा मनात आलं. तिथे कंटेनर आहेत. फोटो मी स्वतः पाहिलाय.

शनिवार, १७ ऑगस्ट

ऑगस्टचं पाकीट आठवडाभर उशिरा. हिनेच म्हटलं, फोन करा. उचलला नाही म्हणून कचेरीत गेलो. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं नुसती बसलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. साडूभाऊंनी मला मात्र लगेच आत घेतलं, चहा मागवला.

मी सहज विचारलं, "आपल्या पैशाचा कंटेनर कुठला? नंबर वगैरे असेल ना त्याच्यावर? पोरांना दाखवीन म्हणतो."

ते एकदम गंभीर झाले. "मास्तर, तुम्हीसुद्धा? बाहेरच्यांनी संशय घेतला तर समजू शकतो. तुम्ही घरचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, संशय नाही हो, पण ३१ तारखेला फी भरायची आहे, पाचही लाख काढावेच लागतील. ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसले. मग हसले. "बुधवारी या. तुम्ही घरचे, तुमचं मी बुडू देणार नाही."

किती मोठं मन! बाहेर पडताना बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्हाला काय म्हणाले?" मी म्हणालो, "बुधवारी देतो म्हणाले." तो म्हणाला, "मलाही बुधवारच सांगितलाय. जूनपासून."

त्याची काहीतरी वेगळी भानगड असावी.

बुधवार, २१ ऑगस्ट

मिळाले! पूर्ण पाच लाख, रोख, कापडी पिशवीत. साडूभाऊंचा चेहरा जरा ओढलेला वाटला, कामाचा ताण असणार. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि शनिवारच्या बोलण्याची माफी मागितली. ते म्हणाले, "मास्तर, यापुढे मला काही मागू नका." वाईट वाटून घेतलं बिचाऱ्यांनी.

ही पण मला बोलली, "उगाच माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर संशय घेतलात." पिशवी कपाटात ठेवली, लेकीला फोन करून सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, शेवटचं वर्ष! घरात किती दिवसांनी मोकळं हसणं झालं.

दुपारी शाळेत मावशीही खुशीत होत्या. त्यांनी पैसे ठेवले एकदाचे. स्वतःचे दोन आणि नणंदेचे तीन. "तुमचे साडू स्वतः घरी आले हो काल, न्यायला! एवढा मोठा माणूस, दारात चपला काढून बसला. म्हटलं, सरांच्या शब्दावर देतेय."

मी म्हणालो, "चांगलं केलंत, मावशी."

विश्वासावर जग चालतं ते हे असं. उद्याच्या तासाला हेच सांगायचं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

सांगितलं. फळ्यावर ‘विश्वास’ लिहिलं. म्हटलं, मुलांनो, मुंगीच्या बँकेचं जे झालं त्यावरून सगळं जग तसंच समजू नका. गेल्या महिन्यात आलेले पाहुणे आठवतात ना? मी माझे पैसे मागितले आणि चार दिवसांत पैन् पै मिळाली.

मला वाटलं, पोरांना बरं वाटेल. वकील मुंगीकडे बघायला लागला. मुंगी जागेवरूनच, हळू आवाजात म्हणाली,

"सर, तुमच्यानंतर कोण आलं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मागितल्यावर आणि तुम्हाला मिळायच्या आधी. मधे कुणी नवीन आलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मनात वार मोजायला लागलो. शनिवारी मागितले, बुधवारी मिळाले. मंगळवारी ते चपला काढून मावशींच्या खोलीत बसले होते. दोन आणि तीन.

घंटा झाली. घंटा मावशीच देतात.

शनिवार, २४ ऑगस्ट

काल हिला सगळं सांगितलं. आधी म्हणाली, काहीतरीच. मग बहिणीकडे फोन, तो बंद. मग स्वतः गेली. दाराला कुलूप, शेजारची बाई म्हणाली, गुरुवारी सकाळी सामानासकट गेले. ही परत आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. एकाच दिवसात तिची बहीणही गेली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पोलीस चौकीत अर्ज द्यायला गेलो. हवालदाराने वाचला आणि विचारलं, "तुमचे मिळाले म्हणता, मग तुमची तक्रार काय?"

मी म्हणालो, "मिळाले हीच." त्याने मला पाणी दिलं.

संध्याकाळी ही आणि मी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो, मधे पिशवी. ही म्हणाली, "आपण काही चोरले नाहीत. मागितले, त्यांनी दिले." मी म्हणालो, गोलकीपरही हेच म्हणाला होता. गोलकीपर कोण, हे मग तिला सगळं सांगावं लागलं. चिठ्ठ्या, मुंगी, अकरा उरलेल्या, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोरांनी काय ठरवलं?"

"आहेत त्या सारख्या वाटायच्या. जास्तीच्या नेणाऱ्याने आणून द्यायच्या."

तिने पेन घेतलं. आपले पाच, मावशींचे पाच. उरले आहेत पाच. म्हणजे अडीच-अडीच. शिवाय आपल्याला चार पाकिटं मिळाली, ते ऐंशी हजार आणखी कुणाकुणाचे असतील, पण निम्मे तरी त्यांना देऊ. अडीच आणि चाळीस हजार. आपल्या हातात दोन लाख दहा हजार. लेकीची फी निम्मीही होत नाही, कॉलेजला हप्ते मागून बघू, मी संध्याकाळी शिकवण्या धरीन, असं म्हणाली. कशाच्या, ते मी विचारलं नाही. मला तरी वाटलं, हे न्यायाचं झालं. आयुष्यात पहिल्यांदा पैशाचं काहीतरी मला कळलंय असंही वाटलं.

सोमवार, २६ ऑगस्ट

शाळा भरायच्या आधी मावशींना गाठलं. घंटेखालच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी पाकीट दिलं आणि सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, सावकाश, दोनदा. साडू पळाले. माझे मिळाले ते तुमचेच होते. म्हणून जे आहे त्यात निम्मं तुमचं, निम्मं माझं, वर माझ्याकडच्या व्याजातले चाळीस. त्या ऐकत होत्या. मधे एकदा उठून त्यांनी घंटा दिली, परत येऊन बसल्या.

मग पाकीट मांडीवर ठेवून म्हणाल्या, "सर, मी पाच दिले होते."

"हो मावशी, पण बुडाले ना. दोघांचेही बुडाले, म्हणून—"

"तुमच्या साडूंना मी ओळखत नाही. कंटेनर काय असतं तेही मला माहीत नाही. मी तुमच्याकडे बघून दिले."

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त मला माहिती देत होत्या, रोज पाण्याची टाकी भरल्याचं सांगतात तशी. पहिला तास कवायतीचा होता, पोरं रांगेत उभी राहिली आणि मी हुकूम द्यायचा विसरलो.

वर्गाचा न्याय चुकीचा होता का? मला नाही वाटत. पण त्या वर्गात ‘माझ्याकडे बघून ठेवा’ असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. मुंगीनेसुद्धा नाही. ते म्हटलं मी, दारात उभ्या असलेल्या मावशींना, छाती पुढे काढून. त्याची वाटणी कशी करायची हे पुस्तकात शोधलं. शेवटचे दोन धडे अजून वाचायचे होते, तेही वाचले.

घरी आलो. ही कॉलेजच्या हप्त्यांचा अर्ज भरत होती. मी मावशी बोलल्या ते शब्द न बदलता सांगितले. तिने पेनचं टोपण लावलं आणि खूप रडली. मी पाणी आणून दिलं, ते ती प्यायली नाही. मग उठली, कपाटातली उरलेल्या पैशांची पिशवी काढली आणि माझ्या शाळेच्या बॅगेत ठेवली, शिट्टी आणि हजेरीपुस्तकाच्या मधे.

मी म्हणालो, "लेकीला फोन लावतो."

"नको," ती म्हणाली. "पोरीला मी सांगते. तुम्ही सांगायला बसलात की शिकवायला लागता."

आत्ता ती आतल्या खोलीत फोनवर बोलते आहे. दार लावून घेतलंय. आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.